हजेरीपटावरची 'सोबत'

हजेरीपटाच्या सातव्या ओळीत काकांचं नाव होतं आणि त्याच्यापुढं माझ्याच अक्षरात, जरा बारीक करून लिहिलेलं, 'सोबत – पत्नी'. चार शनिवार मी त्या ओळीवर एकच बरोबरची खूण करत होते. पाचव्या शनिवारी काकूंनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा वर सरकवून ती ओळ वाचली आणि विचारलं, "माझं नाव काय गं?"

मला सांगता आलं नाही. विसरले नव्हते, विचारलंच नव्हतं. वर्गाच्या पत्रकावर मात्र मी ठळक अक्षरांत 'सर्वसमावेशक नृत्यवर्ग' असं छापून घेतलं होतं.

हे प्रकरण त्या प्रश्नापासून पुढं काय काय झालं, त्याचं आहे. काका-काकूंना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत किंवा बदललेत.

वर्ग आणि फळी

एरंडवण्यातल्या एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. आम्ही बारा जण. मी स्वतः कथक शिकलेली, पुढं नृत्योपचाराचं प्रशिक्षण घेतलेली. माझ्या दोन विद्यार्थिनी, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि नजर बरीच अधू झालेल्या एक बाई, डाउन सिंड्रोम असलेला एक तरुण आणि त्याची आई, चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक मुलगी, आणखी तिघं, आणि हे जोडपं. आता मोजते तेव्हा बारा होतात. तेव्हा माझ्या वहीत दहाच ओळी होत्या, कारण तरुणाची आईही 'सोबत' होती.

पुण्यात कथकचं अप्रूप नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, त्यानंतर इथं एवढ्या पिढ्या तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, घोटत मोठ्या झाल्या की हॉल मागायला गेल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीनंच "आमची मुलगी विशारदपर्यंत आली होती" असं सांगून भाडं कमी केलं. अडचण हॉलच्या दोन पायऱ्यांची होती. प्रत्येकी साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे ३० सेंटिमीटर चढ. उताराचं सर्वमान्य प्रमाण १ ला १२, म्हणजे ३६० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. मी सुताराकडून सहा फुटी फळी आणली होती, तीही मोठ्या अभिमानानं. ती लागत होती त्याच्या निम्मी, त्यामुळं चढ दुप्पट उभा झाला. पहिल्या दिवशी त्या मुलीला खुर्चीसकट दोघांनी उचलून आत आणलं. वर्ग संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी उचलणार असाल तर मी येणार नाही." बारा फुटी उतार तयार व्हायला दोन आठवडे लागले. ते दोन शनिवार आम्ही पार्किंगमध्ये, स्कूटरच्या रांगेशेजारी काढले. तिथंच कळलं की ती अनेक वर्षं तबला शिकलेली आहे.

अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांनी एकाच रचनेत, बरोबरीनं नाचायचं ही कल्पना काही आमची नव्हे. लंडनची कॅन्डोको ही नृत्यसंस्था १९९१ पासून ते व्यावसायिक पातळीवर करते आहे. आमचा वर्ग हौशी; पण तत्त्व तेच धरलं होतं. कुणासाठी 'सोपी आवृत्ती' करायची नाही, रचनाच अशी बांधायची की प्रत्येकाची हालचाल तिच्यात खरी लागेल. आणि मी हा नृत्याचा वर्ग म्हणत होते, उपचार म्हणत नव्हते. उपचारात माणूस रुग्ण म्हणून येतो, त्याची नोंद, उद्दिष्टं, गोपनीयता यांची वेगळी शिस्त असते. दोन्हींची खिचडी केली की दोन्ही बिघडतात.

काका

वय ७१. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य गेलं. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात थरथरायचा, पण खरा त्रास थरथरीचा नव्हताच. अक्षर मुंगीएवढं झालं होतं, आवाज पुटपुटण्यावर आला होता, चेहऱ्याच्या स्नायूंनी भाव दाखवणं सोडलं होतं आणि दारात, वळताना, लिफ्टसमोर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजायचे.

मेंदूच्या खोल भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात, आणि चालण्यासारखी न विचारता होणारी हालचाल अडखळू लागते. गंमत अशी की बाहेरून खूण मिळाली, म्हणजे ठोका, ताल, जमिनीवरची रेघ, तर तेच पाय उचलले जातात. आतली वाट बंद असताना मेंदूला दुसरी वाट सापडते. म्हणूनच या आजारात नृत्याला जागा आहे. न्यू यॉर्कच्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपनं ब्रुकलिनमधल्या पार्किन्सन्स गटाबरोबर २००१ मध्ये असे वर्ग सुरू केले. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हॅकनी आणि इअरहार्ट यांनी रुग्णांना टँगो शिकवून पाहिला आणि तोल सुधारल्याचं नोंदवलं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांबरोबर असं काम केलेलं आहे, त्यामुळं काकांना "नाचायला चला" म्हटल्यावर ते हसले नाहीत. अर्थात हसले असते तरी चेहऱ्यावर दिसलं नसतं, हे त्यांचंच वाक्य.

पहिली चूक वेळेची. वर्ग संध्याकाळी पाचला ठेवला होता. काकांची गोळी दुपारी दोनला आणि मग सहाला. पाच वाजता तिचा असर ओसरलेला असायचा. दहाच्या गोळीनंतर साधारण तासाभरानं ते सगळ्यात मोकळे असत. हे मला काकूंनी सांगितलं. जेवणातली डाळ, दूध, पनीर लेव्होडोपाच्या, म्हणजे त्या गोळीतल्या औषधाच्या, आड येतात म्हणून गोळी आणि जेवण यांच्यातलं अंतरही त्यांनी वहीत आखून ठेवलं होतं. फ्रिजवर लावलेलं ते वेळापत्रक मी नंतर पाहिलं. कुठल्याही स्टेशनमास्तरला शोभेल असं. वर्ग सकाळी अकराला आणला आणि काकांमध्ये एका आठवड्यात फरक दिसला. तो फरक नृत्याचा नव्हता, घड्याळाचा होता.

मी काकूंना गप्प बसवलं

पहिले चार आठवडे काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहायच्या. मीच तसं सांगितलं होतं. पडू नयेत म्हणून. आम्ही खुर्चीत बसून तत्कार करायचो, मग उभं राहून दिंडीतली पावली, दोन पुढं, एक मागं. आणि काकूंचं चालू असायचं: "पाय उचला. अहो, उचला ना. सरळ बघा. खांदे. परत वाकलात."

त्या एकेक शब्द बरोबर बोलत होत्या, आणि शब्दागणिक काका जास्त थिजत होते. चालता चालता सूचना ऐकून समजून घेणं म्हणजे एकाच वेळी दोन कामं. या आजारात नेमकं तेच जमत नाही. हे मला ठाऊक होतं. मग मी काय केलं? चौथ्या शनिवारी, सगळ्यांसमोर, गोड आवाजात म्हणाले, "काकू, आपण त्यांना बोलायचं नाही हं. तुम्ही जरा बसून घ्या." त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तासभर.

तंत्र म्हणून माझं बरोबर होतं. काका त्या दिवशी खरंच चांगले चालले आणि मी घरी जाऊन नोंदवहीत लिहिलं: 'सूचना थांबवल्यावर थिजणं कमी.' खिडकीपाशी बसलेल्या बाईबद्दल एक ओळ नाही.

पाचव्या शनिवारी हजेरीपटाचा प्रश्न आला. वर्गानंतर आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. काका आत त्या तबलेवाल्या मुलीशी बोलत होते. काकूंनी तक्रार केली नाही, हिशेब सांगितला. रात्री दोनदा कूस बदलून द्यायला उठतात. सकाळी सहाची गोळी, दहाची, दोनची, सहाची. दोन वर्षांत भजनी मंडळ नाही, भिशी नाही. मुलगा परदेशी, रविवारी व्हिडिओ कॉल. "सगळ्यात जड काय वाटतं सांगू? मी काही बोलले तर यांच्या तोंडावर काही उमटत नाही. ऐकलं की नाही, राग आला की बरं वाटलं, काही कळत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. म्हणून मग मी नुसत्या सूचनाच देते. सूचनेला निदान पाय तरी हलतो."

माझ्या दोन अडीच वर्षांच्या प्रशिक्षणात हे वाक्य कुठल्या पुस्तकात आलं नव्हतं.

एक कबुली इथंच देते. पहिल्या आठवड्यात मी काकूंना शुश्रूषा करणाऱ्यांवरचा ताण मोजायची २२ प्रश्नांची, झारित यांची प्रश्नावली भरायला दिली होती. त्यांनी जवळजवळ सगळीकडं 'कधीच नाही' लिहिलं. मी ते खरं मानून फाइलला लावलं. कागद भरताना काका शेजारच्या खुर्चीत बसले होते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

जोड्या फोडल्या

त्या दिवशी घरी जाऊन वही नव्यानं आखली. बारा ओळी. आणि एक नियम केला: पहिला तासभर घरच्या माणसाबरोबर जोडी नाही. तरुणाच्या आईनं विरोध केला, त्यानं पहिल्या दिवशी तिला तीनदा शोधलं, चौथ्यांदा विसरला. ती गोष्ट वेगळी लिहावी लागेल.

काकांची जोडी तबलेवाल्या मुलीबरोबर लावली. ती बसल्या जागेवरून बोल द्यायची. दादरा सहा मात्रांचा, 'धा धीं ना, धा तीं ना', आणि पहिल्या 'धा' वर वजन उजव्या पायावर, दुसऱ्या 'धा' वर डाव्या. काका थिजले की ती "चला" म्हणत नसे. ठेका तसाच चालू ठेवायची, आवाज किंचित वाढवून. काका जागेवरच डावं-उजवं झुलायचे आणि पुढच्या समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाऊल सुटायचं. ते तिला मास्तरीणबाई म्हणू लागले. कथकच्या चक्करांना मी पूर्ण फाटा दिला. जागच्या जागी वळणं म्हणजे या आजारात पडायला आमंत्रण. त्याऐवजी खुर्चीच्या चाकांना जेवढं वळण लागतं तेवढं मोठं, अर्धवर्तुळाकार वळण सगळ्यांनीच घ्यायचं ठरलं. सगळा वर्ग चाकाच्या खुर्चीच्या वळणानं वळायला लागला आणि माझ्या विद्यार्थिनींची वळणं पहिल्यांदा डौलदार दिसली.

जमिनीवर रेघा हव्या होत्या. काकू म्हणाल्या, रांगोळी घालते. घातलीही, सुरेख, आडव्या पट्ट्यांची. पण पूड पायाखाली घसरते, फरशी गुळगुळीत. मग रंगीत चिकटपट्टी आली. पुढच्याच आठवड्यात काकूंनी घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तशाच चार पट्ट्या लावल्या. तिथं काका रोज अडायचे. मी हे सुचवलं नव्हतं.

फुगडी

आता काकूंची जोडी. पाश्चात्य नृत्यात १९७२ पासून, अमेरिकी नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांच्यापासून, एकमेकांच्या अंगाचं वजन घेत-देत नाचायची एक पद्धत आहे. तिचा साधा पाठ मी घेत होते: दोघांनी एकमेकांचे हात धरायचे, मागं रेलायचं, समोरचा आपल्याला धरून आहे यावर विसंबायचं. मी बरंच समजावत होते. काकू मध्येच म्हणाल्या, "अगं, ही फुगडीच की!"

खरंच की. लहानपणी मंगळागौरीला उभ्या रात्री जागून जे खेळलो त्यात हेच होतं, आणि मी ते परदेशी नाव लावून त्यांनाच शिकवत होते.

काकूंची जोडी होती नजर अधू असलेल्या बाईंशी. दोघींनी मनगटं पकडली, पावलं जुळवली. त्या बाई लगेच मागं रेलल्या. काकू रेलेनात. हात ताठ, कोपर वाकलेलं, सगळं वजन स्वतःच्या टाचांवर. दुसऱ्याला धरायची सवय अंगात इतकी मुरलेली की धरून घ्यायला अंग तयार होईना. तीन आठवडे हे चाललं. एकदा तबलेवाल्या मुलीनं बोलावलं, "काकू, माझ्याशी करा." खुर्चीला ब्रेक लावले, मागून माझ्या विद्यार्थिनीनं खुर्ची घट्ट धरली. मुलीचे हात चाकं फिरवून फिरवून चांगले बळकट झालेले. तिनं काकूंची मनगटं पकडली आणि म्हणाली, "मी कुठं जाणार नाही, ब्रेक लावलाय."

काकू हसल्या, आणि हसताना रेलल्या. किती वेळ ते मोजलं नाही. उभ्या राहिल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि कुणालाच काही बोलायची गरज वाटली नाही, तरुण सोडून. तो म्हणाला, "आता माझा नंबर."

चेहरा

त्यानंतरचा एक शनिवार अभिनयाला दिला. चेहऱ्यावर भाव आणायचे व्यायाम काकांना त्रासाचे होते, म्हणून उलटं केलं: सगळ्यांनी चेहरा कोरा ठेवायचा आणि भाव फक्त हातांनी सांगायचा. काकांना कोरा चेहरा ठेवायला काही करावं लागलं नाही; बाकी अकरा जणांची मात्र तारांबळ उडाली. दहा मिनिटांत सगळे वैतागले. "समोरच्याला कळतंच नाही," माझी विद्यार्थिनी म्हणाली. काका पुटपुटले, "बघा."

मग मोठ्या कागदावर, भिंतीला लावलेल्या, जाड ब्रशनं तालावर रेघा काढल्या. ड्राफ्ट्समनच्या हातातून आधी दोन इंचांची रेघ आली. विलंबित ठेका धरला, 'धा' ते 'धा' एक रेघ. हळूहळू रेघ हातभर झाली. शेवटी त्यांनी एक आकृती काढली: घराचा आराखडा, दारं, खिडक्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात चार छोट्या आडव्या रेघा. काकू त्या रेघांकडं बघत राहिल्या. चिकटपट्टीबद्दल घरी ते एक शब्द बोलले नव्हते.

सादरीकरण

डिसेंबरात सोसायटीच्या कार्यक्रमात आम्हाला वेळ दिली. पत्रिकेत 'दिव्यांग विशेष' असा मथळा होता, तो काढायला दोन बैठका लागल्या. मंचाला पाच पायऱ्या होत्या, म्हणून आम्ही मंचासमोर सतरंज्या गुंडाळून जमिनीवरच नाचलो. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. काका मध्ये थिजणार हे नक्की होतं. ते टाळायचा प्रयत्न सोडून आम्ही त्यावरच रचना बांधली: बारांपैकी कुणीही थांबलं की सगळ्यांनी थांबायचं, ठेका चालू, आणि समेवर एकदम निघायचं. त्या संध्याकाळी आम्ही पाच वेळा थांबलो. त्यातले दोन थांबे काकांचे होते. एक तरुणाचा, त्याला आईला हात करायचा होता. बाकी दोन कुणाचे ते आम्हालाही कळलं नाही. निवेदकानं नंतर "या वयातही, या अवस्थेतही" असं बरंच कौतुक केलं. बारा जणांनी ते सभ्यपणे सोसलं.

काय बदललं, काय नाही

फिजिओथेरपिस्ट दर तीन महिन्यांनी काकांची चाचणी घ्यायच्या: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि लागलेला वेळ मोजायचा. तो वेळ आधी कमी झाला, मग पुन्हा वाढला. गोळीनंतर किती वेळानं चाचणी घेतली यावरही तो हलायचा, म्हणून एवढ्यावरून मी काही दावा करत नाही. कलेचा आरोग्याला उपयोग होतो का, यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. निधी मागताना तो मीही जोडते. पण आजार पुढं सरकतो. नाच त्याला अडवत नाही.

काकूंच्या सूचना बंद झाल्या असंही नाही. कमी झाल्या, आणि घरी त्या अधूनमधून बोलायच्या ऐवजी ठेका म्हणू लागल्या, बेसूर, असं काकांनी मला हळूच सांगितलं. भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं. प्रश्नावली मी परत दिली, या वेळी पायऱ्यांवर, एकटीला. उत्तरं पहिल्यापेक्षा वाईट आली. मी ती पहिल्यांदा खरी आली असं धरते.

पुन्हा असा वर्ग सुरू केला तर पहिल्या दिवशी सोबत आलेल्या माणसाशी वेगळं, दुसऱ्या खोलीत बोलेन. आणि माझ्या नोंदवहीत 'काय सुधारलं'च्या शेजारी 'त्या वेळी कोण खिडकीपाशी बसलं होतं' असा रकाना ठेवेन.

पुढच्या पावसाळ्यात काका घरी बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण धास्ती बसली; बाहेर पडणं थांबलं. काकूही येणार नाहीत असं मी धरून चालले होते. दोन शनिवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी अकराला पाच कमी असताना आल्या, एकट्या, छत्री झटकत. काकांजवळ शेजारचे जोशीबुवा पेपर वाचत बसले होते. जाऊबाईंनी फोनवर विचारलं होतं म्हणे, नवरा अंथरुणावर आणि तू नाचायला निघालीस? "त्यांनीच हाकललं मला," काकू म्हणाल्या. "मास्तरीणबाईंना निरोप आहे, ठेका रेकॉर्ड करून पाठवा."

मी हजेरीपट उघडला. सातव्या ओळीवर पेन थबकलं.

"काट मारू नकोस," काकू म्हणाल्या. "रजा लिही."